अकरा क्रमांक, ऐकू येतंय का?

रेडिओतली खरखर काढण्यात आमच्या मंडळात माझा हात धरणारा कोणी नाही, असं माझं ठाम मत होतं. मत कसलं, खात्रीच. ती खात्री एका रविवारी सकाळी दहा वाजून पंचवीस मिनिटांनी संपली, आणि संपताना तिचा आवाज बाराच्या बारा स्थानकांवर स्वच्छ ऐकू गेला.

आधी ओळख करून देतो. पोटापाण्यासाठी मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो. दिवसभर लोकांना स्पष्ट दिसेल अशी सोय करायची आणि घरी आलो की स्वतःला स्पष्ट ऐकू येईल अशी खटपट करायची, हा माझा दिनक्रम. मी हौशी रेडिओवाला आहे. म्हणजे गाणी ऐकणारा नव्हे. परवाना काढून, गच्चीवर तार ताणून, दूरच्या माणसांशी बोलणारा. बोलण्यासारखं फारसं काही नसतं. "तुमचा आवाज छान येतोय", "तुमचाही छान येतोय", एवढ्यावर आम्ही तासन्‌तास काढतो. बायको म्हणते, इतकं कौतुक घरातल्या माणसांचं केलं असतंत तर घराचं नंदनवन झालं असतं.

आमच्या मंडळाची दर रविवारी सकाळी दहा वाजता रेडिओवर हजेरी असते. एकाने सगळ्यांना क्रमांकाने हाक मारायची, त्यांनी "हजर" म्हणायचं आणि दोन शब्द बोलायचे. ही हजेरी वीस वर्षं एकच माणूस घेत आला होता. माझे सासरे. माझं लग्नही या हजेरीतूनच जमलं. मी त्यांच्याकडे अँटेनाची तार बांधायला गेलो आणि तार धरायला त्यांची मुलगी आली. पण ते असो.

गेले काही महिने आमच्या शेजारच्या पट्टीवर कुठलंसं दांडगं स्थानक येऊन बसलं होतं. त्याचा आवाज आमच्या हजेरीत झिरपायचा. मंडळातले दंतवैद्य बोलायला लागले की मागून जात्याची घरघर, बेकरीवाला सभासद बोलायला लागला की जात्यात कोणी खडे टाकतंय असं वाटायचं. सगळे वैतागले. तेव्हा मी हजेरीतच जाहीर करून टाकलं, "पुढच्या रविवारी मी फिल्टरचे नेमके आकडे सांगतो. तुम्ही फक्त बटणं फिरवायची. कणभर खरखर राहिली तर माझं नाव बदला."

फिल्टर म्हणजे चाळणी. एका बटणाने चाळणीची भोकं बारीक होतात आणि दुसऱ्याने ती चाळणी डावीउजवीकडे सरकते. नको ते आवाज अडवायचे, हवे ते येऊ द्यायचे. सांगायला सोपं आहे.

त्या रविवारी मी पावणेदहालाच सेटसमोर बसलो. तयारी चोख होती. मोबाइलमुळे रेडिओत गुणगुण येते, म्हणून घरातले दोन्ही फोन मी आवाज बंद करून स्वयंपाकघरात ठेवले होते. आकडे लिहायची मोठी वही सेटला टेकवून उभी केली होती. दोन्ही हात बटणांवर हवेत, म्हणून माइकचं बटण दाबायची कटकटही मिटवली होती. आमच्या सेटवर एक सोय असते. ती चालू केली की तुम्ही बोललात की सेट आपोआप प्रक्षेपण सुरू करतो आणि गप्प बसलात की पुन्हा ऐकायला लागतो. फारच छान सोय आहे. फक्त ती चालू आहे हे लक्षात ठेवावं लागतं. प्रक्षेपण चालू असताना लाल दिवा लागतो, तो बघावा लागतो. दिव्यासमोर माझी वही होती.

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. आमच्या मंडळाचे चिटणीस आले होते. हे गृहस्थ पाण्याच्या मीटरची नोंद घ्यायच्या खात्यात आहेत, त्यामुळे कोणाच्याही घरात सरळ आत शिरायची त्यांना सवय आहे. खुर्ची ओढून ते माझ्याशेजारी बसले आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बोललात का त्यांच्याशी?"

हे माझं मोठं दुखणं होतं. सासऱ्यांचं वय चौऱ्याहत्तर. हजेरी घेताना ते अलीकडे अडखळायचे. मागच्या रविवारी त्यांनी चिटणीसांचं नाव दोनदा घेतलं आणि दंतवैद्यांचं एकदाही नाही. मंडळात कुजबुज सुरू झाली, की आता हे काम दुसऱ्या कोणाकडे द्यावं. पण वाघाला सांगायचं कोणी? सगळ्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं, कारण मी जावई. जावयाचा मान असतो म्हणतात. तो असाच कामांसाठी राखून ठेवलेला असतो.

"अजून नाही बोललो," मी म्हणालो.

सेटमध्ये कुठेतरी टक्‌ असा आवाज झाला.

"काय वाजलं?" चिटणीसांनी विचारलं.

"पत्रा. तापला की वाजतो."

मी हेडफोन एका कानाला लावला. जातं ऐकू येत होतंच. मी भोकं बारीक केली. जातं कमी झालं. चाळणी थोडी वर सरकवली. जातं नाहीसं झालं. त्याच्या जागी अगदी बारीक, डबीत कोंडलेल्या माशीसारखी भुणभुण यायला लागली.

"ऐका," मी हेडफोन चिटणीसांच्या कानाला लावला. "एवढीच उरली. आता ही माशीही मारतो बघा."

मी बटण आणखी फिरवलं. माशी तडफडली आणि गप्प झाली. मी वहीत आकडा लिहिला. चिटणीसांनी मान डोलावली. मला बरं वाटलं.

घड्याळात दहा वाजले. मी हेडफोन लावून सासऱ्यांच्या हाकेची वाट बघत बसलो. दहा वाजून दोन मिनिटं झाली. पाच झाली. कानात नुसती शांतता. अधूनमधून कुठूनतरी माशी यायची, मी तिला मारायचो.

"बघा," चिटणीस म्हणाले, "आज विसरलेच. मी म्हणत नव्हतो?"

मी पुन्हा घड्याळाकडे बघितलं. वीस वर्षांत सासऱ्यांची हजेरी एक मिनिटही चुकली नव्हती. सासूबाई गेल्या त्या आठवड्यातही चुकली नव्हती.

"वय झालं हो," चिटणीस सांगू लागले. "आवाज थरथरतो. एकेकाशी दहा दहा मिनिटं हवापाण्याच्या गप्पा. लोकांना कामं असतात. कोणीतरी तडफदार माणूस हवा."

आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण थोड्या वेळापूर्वीच मी जात्यावर विजय मिळवला होता, त्यामुळे अंगात वारं शिरलं होतं. मी म्हणालो, "खरं सांगू का, दोन रविवारांपूर्वी मला मधेच डुलकी लागली. जाग आली तेव्हा बाबा अजून सातव्या क्रमांकावरच होते. माझ्याकडे दिली ना हजेरी, तर पंचवीस मिनिटांत आटपून दाखवीन. मी तर हजेरीचा तक्तासुद्धा नव्याने आखून ठेवलाय."

हा तक्ता मी खरंच आखला होता. सर्वांत वर माझं नाव होतं.

टक्‌. पत्रा पुन्हा वाजला.

त्याच वेळी बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिने किती ऐकलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तिने कपबशा ठेवल्या. आवाज न करता ठेवल्या, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाबांची हजेरी काढून घेताय?" तिने विचारलं.

"काढून नाही वहिनी," चिटणीस सावरून बसले. "त्यांना आराम मिळावा म्हणून. आता बघा, दहा वाजून दहा झाले. विसरले ते."

"बाबा विसरणार नाहीत. यांचं यंत्र बिघडलं असेल."

"अगं, यंत्र इतकं चांगलं कधीच चालत नव्हतं," मी म्हणालो आणि तिच्या कानाला हेडफोन लावला. "ऐक. एक कण खरखर नाही."

तिने क्षणभर ऐकलं. "कोणीतरी 'जावईबापू' म्हणाल्यासारखं वाटतंय. फार लांबून."

"तसं वाटतं. नवख्या माणसाला रेडिओत हवं ते ऐकू येतं." आणि मी माशी मारली.

तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि चिटणीसांकडे वळली. "तुम्ही म्हणता बाबा नावं चुकतात. चुकतील नाहीतर काय? तुम्ही लोक धड बोलता का? तो बेकरीवाला स्वतःचं नाव असं सांगतो की तोंडात अख्खा पाव धरलाय. दंतवैद्य तर बोलतच नाहीत, नुसतं 'अं, अं' करतात. दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडातलं ऐकून ऐकून त्यांना तीच भाषा आली असेल. तिसरा क्रमांक बागेतला माळी. तो हजेरीच्या वेळी नळ चालू ठेवतो. चौथी शाळेतली बाई, ती एकटीच स्पष्ट बोलते. सहावे ते निवृत्त टपालमास्तर, त्यांना स्वतःलाच ऐकू येत नाही. आठवा लिफ्ट दुरुस्त करणारा..."

आणि ती एक ते बारा सगळे क्रमांक, सगळ्यांची अक्षर-आकड्यांची लांबलचक सरकारी ओळखनावं आणि त्यांचा एकेक दोष असं घडाघडा म्हणत गेली. मला स्वतःला त्यातली सात ओळखनावं पाठ आहेत. चिटणीसांचं तोंड उघडंच राहिलं.

"तुम्हाला हे सगळं कसं माहीत?" त्यांनी विचारलं.

"कारण दर शनिवारी संध्याकाळी बाबा मला फोन करून यादी म्हणून दाखवतात. चुकलं तर मी सांगते. शाळेत मी पाढे म्हणायचे आणि ते तपासायचे, तसंच." मग ती जरा हळू म्हणाली, "आई गेल्यापासून ते रविवारचीच दाढी नेमाने करतात. रेडिओवर कोणाला चेहरा दिसत नाही हे त्यांना कळतं हो. पण करतात. त्यांनाही थकायला होतं. मला दोनदा म्हणाले, आता पुरे झालं, पण कोणी मागतच नाही, तर टाकून कसं देऊ? आणि तुम्ही इथे त्यांच्या पाठीमागे तक्ते आखताय."

शेवटचं वाक्य माझ्यासाठी होतं. मी चहात बघत बसलो. चिटणीसही त्यांच्या चहात बघत बसले. चहात बघण्यासारखं काही नव्हतं.

तेव्हा घंटा वाजली. एकदा नाही, चारपाचदा. बायकोने दार उघडलं. दारात बेकरीवाला उभा होता. कोपरापर्यंत पीठ, अंगावर एप्रन, तीन मजले धावत चढून आल्यामुळे चेहरा भट्टीतून काढल्यासारखा. तो आत आला, आम्हा तिघांकडे बघितलं आणि पिठाचं बोट ओठांवर ठेवलं.

"काय झालं?" मी विचारलं.

त्याने जोरजोरात मान हलवली आणि बोट पुन्हा ओठांवर ठेवलं.

"अरे बोल की."

त्याने दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. मिशीला पीठ लागलं.

"दातात काही अडकलंय का?" चिटणीस म्हणाले. "वहिनी, पाणी आणा. आणि त्या दंतवैद्यांना बोलवा, 'अं अं' करायला तरी येतील."

बेकरीवाल्याने कपाळावर हात मारला. मग तो सरळ टेबलापाशी आला आणि माझी वही उचलली. मागे लाल दिवा जळत होता. तो सेटकडे बोट करून उभा राहिला. चिटणीस म्हणाले, "हा दिवा कसला?" आणि ते गप्प झाल्यावर तो दिवा विझला. टक्‌ असा आवाज झाला.

पत्रा तापलेला नव्हता.

एखादी गोष्ट डोक्यात शिरायला किती वेळ लागतो, हे मला त्या दिवशी नीट मोजता आलं. सुमारे चहा गार होण्याइतका. आमच्या घरातलं प्रत्येक वाक्य, पस्तीस मिनिटं, शंभर वॅटने बाहेर गेलं होतं. माझी डुलकी. माझा तक्ता. दंतवैद्यांचं 'अं अं'. आणि दर वेळी आम्ही जरा थांबलो की सगळे मिळून मला सांगत होते की तुझा माइक चालू आहे, आणि मी ते सांगणं बारीक करून, बाजूला सरकवून, माशीसारखं मारत होतो. वर आकडे वहीत लिहीत होतो.

मी ती आपोआप प्रक्षेपणाची सोय बंद केली. फिल्टर पूर्ण रुंद केला. हेडफोनची तार उपसली. खोलीत जात्याची घरघर भरली आणि तिच्यातून सासऱ्यांचा आवाज आला. थकलेला, पण अगदी शांत.

"अकरा क्रमांक, ऐकू येतंय का?"

मी माइकचं बटण दाबलं. "येतंय."

"आत्ता?"

"आत्ता येतंय, बाबा."

"छान. दहा वाजल्यापासून हाका मारतोय. फोनही करून बघितले. शेवटी बेकरीवाले जवळ राहतात म्हणून त्यांना पाठवलं. पोचले का?"

"पोचले. इथेच आहेत."

"त्यांना पाणी द्या. आणि आता हजेरी घेऊ."

त्यांनी हजेरी घेतली. क्रमाने, एकही नाव न चुकता. सातव्या क्रमांकाला बेकरीवाल्याने माझ्या माइकवर "हजर" म्हटलं आणि पाचव्याला दंतवैद्य इतक्या स्पष्ट आवाजात बोलले की आम्ही एकमेकांकडे बघितलं. माळ्याने सांगितलं की नळ आजपासून बंद. माझी पाळी आली तेव्हा मी "हजर" म्हणालो आणि बटण सोडलं.

बाराही झाल्यावर सासरे म्हणाले, "एक विषय उरला. वीस वर्षांत आज पहिल्यांदाच कोणी मधेच उठून गेलं नाही. सगळे शेवटपर्यंत ऐकत होते. मी दोन वर्षं वाट बघतोय की हे काम कोणीतरी मागेल. आज मागितलंय असं दिसतं."

मी कॉलर नीट केली. खरं सांगायचं तर त्या अवस्थेतही केली. चिटणीसांनी माझ्या पाठीवर थोपटलं.

"मला वाटतं," सासरे म्हणाले, "ज्या माणसाने आज बाराही ओळखनावं न बघता, न अडखळता म्हटली, त्याच माणसाकडे द्यावं. आवाजही खणखणीत आहे. आणि समोरच्याचं काय चुकतं ते तोंडावर सांगायची ताकद आहे. कोणाची हरकत?"

कोणाचीच नव्हती. शाळेतल्या बाई म्हणाल्या, त्यांना एकट्यांनाच चांगलं म्हटलं होतं, म्हणून त्यांचं मत मोजू नका, पण त्यांचाही होकारच आहे. टपालमास्तरांना काय चाललंय ते ऐकू आलं नाही, पण तेही हो म्हणाले. बेकरीवाल्याने पिठाचा हात वर केला.

बायको माइककडे बघत राहिली. मग माझ्या हातातून तो घेतला. "बाबा, माझ्याकडे परवाना नाही."

"मग काढ," तिचे बाबा म्हणाले. "तोवर मी ओढतो. शनिवारी यादी तू म्हण, मी तपासतो."

तिने माइक ठेवला आणि चहाच्या कपबशा उचलून आत गेली. बराच वेळ नळ वाहत होता. कपबशा तीनच होत्या.

दुपारी मी एकटाच सासऱ्यांकडे गेलो. वाटेत माफीची चारपाच वाक्यं जुळवली होती. त्यांनी दार उघडलं. दाढी गुळगुळीत होती.

"बाबा, मी सकाळी जे..."

"या, बसा. चष्मा सैल झालाय. नाकावरून घसरतो. जरा बघता का?"

मी खिशातला छोटा पेचकस काढला, खिडकीपाशी बसलो आणि काडीचा स्क्रू आवळायला लागलो. हात कामात असले की मला बोलता येतं. मी म्हणालो, "माझं चुकलं. तोंडावर विचारायला हवं होतं."

"हो," ते म्हणाले. चष्म्याशिवाय त्यांचे डोळे लहान आणि जरा भांबावलेले दिसत होते. "मलाही तोंडावर सांगायला हवं होतं की थकलोय. मीही नाही सांगितलं." मग त्यांनी विचारलं, "तुम्हाला डुलकी लागली तेव्हा मी काय सांगत होतो?"

"आठवत नाही."

"मलाही नाही," ते म्हणाले, आणि हसायला लागले. मी चष्मा त्यांच्या नाकावर बसवला. घट्ट बसला.

बायकोने चार महिन्यांत परवाना काढला. पहिल्याच परीक्षेत, आणि मार्क माझ्यापेक्षा अकरा जास्त. आता ती हजेरी घेते. बावीस मिनिटांत आटपते आणि कोणालाही घाई केल्यासारखं वाटत नाही. हे कसं जमतं ते मला कळलेलं नाही आणि विचारायची हिंमत नाही.

अडचण एकच आहे. आमच्या घरी सेट एक. रविवारी दहाला त्यावर ती असते. त्यामुळे हजेरी लावायला मला सासऱ्यांच्या घरी जावं लागतं. तिथे एकच माइक असतो आणि त्यावर सासरे असतात. त्यांना आता हजेरी घ्यायची नसल्यामुळे गप्पांना भरपूर वेळ असतो. माझी पाळी आली की मला "हजर" एवढंच म्हणता येतं.

गेल्या रविवारी मी फिल्टरबद्दल दोन शब्द बोलायला माइककडे हात पुढे केला. सासऱ्यांनी तो न बघताच बाजूला सारला आणि म्हणाले, "जरा थांबा हो. ती काय सांगतेय ते ऐकू द्या."